लहान जागा काय शिकविते?

झोपडीचा महिमा वर्णन करण्याची आम्हां उपदेशकांस मोठी हौस असते. व्यासपीठावर उभे राहिले म्हणजे लहान घर, थोडी भाकर, मिणमिणता दिवा यांविषयी आमच्या तोंडून शब्द भराभर निघतात, आणि ऐकणारी मंडळीही माना डोलावितात. परंतु त्याच मंडळीतील एखादा बाप दुसऱ्या दिवशी घराला आणखी एक खण वाढविण्यासाठी कर्ज काढावयास निघतो, तेव्हा त्याला आम्ही काय सांगावे? लहान जागा जर खरोखर एवढी मोठी शाळा आहे, तर आपण आपल्या लेकरांसाठी मोठे घर का इच्छितो? आणि ती शाळा नसेल, तर दाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांतून इतकी थोर माणसे बाहेर पडली ती कशी? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचा निकाल पुस्तकी तर्काने करण्यापेक्षा, जेथे लक्षावधी माणसांनी आपल्या आयुष्याने त्याचे उत्तर दिले तेथे वाचकांस घेऊन जावे, असे आम्ही योजिले आहे.

ती जागा म्हणजे मुंबईतील परळ, लालबाग, दादर व गिरगाव. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा कोणी ना कोणी आप्त, आजोबा म्हणा, चुलता म्हणा, पोटासाठी तिकडे गेलेला असेल. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची कापडाची गिरणी १८५६ साली सुरू झाली, आणि पुढे पन्नास वर्षांच्या आत परळ-लालबागच्या आकाशात जिकडे पाहावे तिकडे धुराडी दिसू लागली. कोकणातून, सातारा-पुण्याच्या घाटावरून, नगर-नाशिकाकडून माणसे आली. गिरण्यांनी त्यांस काम दिले. राहावयाची सोय मात्र बहुतेकांस स्वतःच पाहावी लागली. १८९६ साली प्लेगने शहर हादरले, तेव्हा सरकारास या दाटीची आठवण झाली. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने काही चाळी बांधिल्या. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे आणखी दोनशेंवर चाळी उभारिल्या. त्यांतील एक खोली एकशे साठ चौरस फुटांची. आमच्या खेड्यातील एखाद्या बऱ्या शेतकऱ्याचा गोठा याहून मोठा असतो.

एवढ्या खोलीत एक कुटुंब राहिले तर ते भाग्याचे समजत. पुष्कळ ठिकाणी एका गावची मंडळी मिळून एक खोली भाड्याने घेत, आणि तीत पंधरा-वीस किंवा अधिकही माणसे राहत. भिंतीशी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पेट्या, वर दोरीवर टांगलेले कपडे, कोपऱ्यात गुंडाळून ठेविलेली अंथरुणे. गिरणीत पाळ्या असत, म्हणून खोलीतही पाळ्या असत. रात्रपाळीचा मनुष्य सकाळी घरी आला म्हणजे दिवसपाळीच्या मनुष्याने सोडलेल्या जागेवर तो अंग टाकी. उन्हाळ्यात कित्येक जण गॅलरीत, जिन्याखाली, नाही तर रस्त्याकडेच्या फरसबंदीवर निजत. पाण्याचा नळ सर्वांचा, शौचकूप सर्वांचे, आणि पहाटे गिरणीचा भोंगा झाला म्हणजे जाग येणेही सर्वांचे.

अशा खोलीत मनुष्य काय शिकतो? एक गोष्ट तर खास शिकतो. आपण पाय पसरले की दुसऱ्याचे पाय आखडतात, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही. मोठ्या घरात राहणारास हे सत्य कळावयास कधी कधी सारा जन्म पुरत नाही, कारण त्याच्या पायाला कोणाचा पाय लागतच नाही. गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेली वृद्ध माणसे ओट्यावर बसून जुन्या गोष्टी काढतात, तेव्हा आम्ही कान देऊन ऐकिले आहे. यंत्राविषयी ते थोडेच बोलतात. मी तापाने पडलो होतो तेव्हा खिडकीजवळची जागा अमक्याने मला दिली, माझा पगार अडकला तेव्हा तमक्याने माझ्या घरी मनीऑर्डर केली, हेच त्यांना अधिक आठवते.

आता एका विशिष्ट खोलीकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा सोडून मुंबईस आलेले एक कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. घरधनी सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, नाव रामजी. पेन्शन थोडी, माणसे पुष्कळ. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात असे. ती एकच खोली स्वयंपाकघर होती, निजावयाची जागा होती आणि अभ्यासाचीही जागा होती. सरपण तेथेच, भांडीकुंडी तेथेच. मुलगा निजे तेथे एका बाजूस जाते आणि पायाशी बांधलेली शेळी. दोघांस एकदम नीट निजता येईल एवढीही जागा नव्हती. तेव्हा रामजींनी एक युक्ती केली. मुलास त्यांनी लवकर निजावयास लावावे, आणि आपण दोन वाजेपर्यंत जागत बसावे. दोन वाजले की मुलास उठवावे, दिवा त्याच्या हवाली करावा, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपण पडावे. मुलाने तेलाच्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचावे. पुस्तकासाठी पैसे कमी पडले तर हे सुभेदार आपल्या विवाहित मुलीकडे जात, चार रुपये उसने आणीत; नसतील तर तिचा एखादा दागिना गहाण टाकीत, आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. पुढे हाच मुलगा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास माहीत झाला, हे सांगावयास नको.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. अंथरुणाची पाळी लावणे ही रीत परळात नवी नव्हती. शेजारच्या शेकडो खोल्यांत तेच चालले होते. तेथे ती गरज होती. गिरणीच्या पाळीने माणसांची पाळी ठरविली होती. रामजींच्या खोलीत मात्र कोणत्याही भोंग्याने ती ठरविली नव्हती. वृद्ध मनुष्याने आपली अर्धी रात्र काढून मुलाच्या ओंजळीत घातली. खोली तेवढीच, दिवा तसाच, दाटीही तशीच. खोलीची लांबीरुंदी वाढविता येत नव्हती, म्हणून त्या बापाने आपल्या झोपेची लांबी कमी केली. तेव्हा त्या मुलास खोलीने शिकविले की बापाने? आमच्या मते बापाने शिकविले. खोलीने फक्त त्या शिक्षणाची किंमत वाढविली.

हा भेद आम्ही इतका ताणून का धरितो, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, तीच दाटी दुसऱ्या गोष्टीही शिकवीत असे, आणि त्या आमच्या भाषणांत सहसा येत नाहीत. नळावरच्या भांडणात डोकी फुटत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकार उभा असे, आणि घरी पोहोचेपर्यंत पगार अर्धा होई. दारूच्या गुत्त्याने किती घरे खाल्ली याची गणती नाही. आणि सर्वांहून वाईट म्हणजे, माणूस माणसाच्या इतका जवळ आला तरी शिवाशिव गेली नाही. अस्पृश्य मानलेल्या लोकांस सूत काढण्याच्या खात्यात काम मिळे. परंतु जेथे पगार अधिक त्या विणाईच्या खात्यात त्यांना प्रवेश नसे. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्यास यांचे ओठ लागले त्यास आपले ओठ कसे लावावयाचे! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडिला. एकाच भोंग्याने उठणारी, एकाच मालकाकडे राबणारी, एकाच सावकारास भिणारी ही माणसे. दाटीच जर गुरू असती, तर हा धडा तिने त्यांस पहिल्याच वर्षी दिला असता.

म्हणून कोणी गरिबीला पवित्र म्हणू लागला की आम्हांस भीती वाटते. असे बोलणारा बहुधा गरीब नसतो. ज्याच्या घरी पाच खोल्या आहेत त्याने एका खोलीची स्तुती करावी आणि एका खोलीत राहणाराने ती ऐकून समाधान मानावे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. बाबासाहेबांचेच पाहा. पुढे परळच्याच ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी अनेक वर्षे काढिली. विलायतेहून पदव्या घेऊन आलेला हा विद्वान तेथेच राहिला. परंतु त्या दोन खोल्यांचा पोवाडा गात ते तेथे बसले नाहीत. साधन होताच दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधिले, आणि आपल्या ग्रंथांस ऐसपैस जागा दिली. ज्यास पुस्तकासाठी रात्री दोन वाजता उठावे लागले होते, त्यास जागेची किंमत आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होती.

याच भागातील दुसरी गोष्ट आम्हांस याहूनही विलक्षण वाटते. १९२६ च्या सुमारास या गिरणगावात कोणी एक तान्हे मूल रस्त्यावर टाकून दिले. ते कोणाचे, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे शेवटपर्यंत कोणास कळले नाही. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने ते उचलून घरी नेले. त्याची बायको काशीबाई, तीही गिरणीत राबणारी. घर चाळीतले, मिळकत तुटपुंजी. तरी या दोघांनी त्या मुलास आपले म्हटले, नाव दिले, आडनाव दिले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातले. पुढे नोकरी संपल्यावर गंगाराम कोकणात परत गेला आणि मुलगा कोवळ्या वयातच मुंबईत एकटा उरला. त्याने घरगडी म्हणून काम केले, हॉटेलात कपबशा धुतल्या, गिरणीत राबला. शाळेत शिपाई म्हणून लागला, आणि शिपायाचे काम करता करता शिकून पुढे म्युनिसिपल शाळेतच शिक्षक झाला. हेच कवी नारायण सुर्वे. त्यांच्या एका संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ', तो १९६६ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली परभणीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये ते वारले.

रस्त्यास विद्यापीठ म्हणण्याचा अधिकार सुर्व्यांस होता, कारण त्याची फी त्यांनी भरली होती. तुम्हीआम्ही ते नाव फुकट उसने घेऊ नये. परंतु आमचे मन त्या कवीपेक्षाही गंगारामापाशी अधिक घुटमळते. दिवसभर यंत्रापुढे उभे राहून घरी परतणारा हा मनुष्य. त्या दिवशी त्या वाटेने दुसरीही माणसे गेली असतील; त्यांच्याही खोल्या तेवढ्याच लहान होत्या, आणि आमच्या घरी जागा नाही, असे म्हणण्यास त्यांना पुरते कारण होते. गंगारामाच्या घरी तरी जागा कोठे होती? ज्यांना अक्षरओळखही धड नसते अशी माणसे धर्मशास्त्रातील अवघड प्रश्न कधी कधी असे उभ्या उभ्या सोडवितात. मूल कोणत्या जातीचे हे त्याने विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगणारे कोणी नव्हते. पुढे त्याने मुलास मागे ठेविले ही गोष्टही खरी. तिच्यावर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. ज्याच्या गाठीस काही नाही त्याच्या चांगुलपणाचीही दोरी कोठे तरी तुटते. संपत्तीच्या अभावाने माणुसकी वाढते असे म्हणणारांनी हा भागही वाचावा.

बायकांचा धडा याच वस्तीत वेगळ्या रीतीने चालला होता. एकटे राहणारे हे हजारो पुरुष जेवत कोठे? चाळीतीलच एखादी बाई आपल्या चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. तिला खानावळवाली म्हणत. महिनाभर जेवावे आणि पगार झाला की पैसे द्यावे, अशी रीत. संप लागला म्हणजे पगार बंद होई, परंतु भूक बंद होत नसे. अशा वेळी या बायकांनी उधारीवर माणसे जेवू घातली, भांडी आणि दागिने मोडून पीठमीठ आणिले. सावकाराचे व्याज देता देता त्या स्वतः मात्र कर्जात बुडत. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव या वस्तीत काम करीत होत्या. त्यांनी या बायकांकडे पाहिले आणि त्यांची नुसती स्तुती करून त्या घरी गेल्या नाहीत. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व खानावळवाल्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बाईच्या शब्दावर वीस माणसे महिनाभर जेवत होती, तिच्या शब्दावर बँकेने विश्वास ठेवावयास एवढी वर्षे लागली!

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. ऐंशी रुपये उसने घेतलेले, आणि पहिल्या दिवसाचे पापड चार पुड्यांचे. तेच पुढे लिज्जत पापड म्हणून देशभर गेले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. मोडके पापड शेजाऱ्यांत वाटून टाकीत. आरंभीच त्यांनी ठरविले की तोटा आला तरी दान घ्यावयाचे नाही. तेथे लाटणारी प्रत्येक बाई बहीण आणि मालकीण. कोणी कोणाची चाकर नव्हे. पीठ घरी न्यावे, सवडीने लाटावे, दुसऱ्या दिवशी पापड आणून मोजून द्यावे. ही सवड हाच त्या बायकांचा मोठा लाभ होता, कारण घर सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. बहिणींची संख्या हजारांवर गेली तरी ही रीत त्यांनी सोडली नाही. लहान आरंभाचे कौतुक पुष्कळ जण करितात. दान नाकारण्याचे कौतुक आम्हांस अधिक वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर ते जुने गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. गिरण्या बंद पडल्या, धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील त्या एकशे साठ फुटांच्या खोल्यांच्या जागी रहिवाशांस पाचशे फुटांची घरे देण्याची योजना आखण्यात आली. कोणी याविषयी हळहळ व्यक्त केली की आम्हांस हसू येते. ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटे उठून सामाईक नळावर पाणी भरले, तिला स्वतःच्या घरात नळ मिळाला तर आपण आनंद करावा. शेजार तुटेल ही भीती अगदी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेजार राखण्यासाठी गरिबाने नळ सोडावा, असे म्हणण्याचा हक्क आमचा नाही.

संपानंतर कित्येक कामगार आपापल्या गावी परतले. त्यांतील जे हयात आहेत ते आता म्हातारे झाले आहेत, आणि आमच्या वाचकांच्याच गावांत, बहुधा कोणाच्या तरी पडवीत ते बसलेले असतात. उपदेशक बंधूंनो, तुम्ही घरोघर जाता तेव्हा त्यांच्यापाशी थोडा वेळ बसा. संपात कोण चुकले हे विचारू नका. त्यावर ते पुष्कळ बोलले आहेत आणि थकले आहेत. तुमच्या शेजारी कोण निजत असे, खानावळीतील बाईचे नाव काय होते, तिची उधारी फिटली की राहिली, एवढे विचारा. आणि ते सांगू लागले म्हणजे घाई करू नका, कारण नाव आठवावयास त्यांना थोडा वेळ लागतो.